नाव तेच, पत्ता जुना

जुलैमध्ये सातारा-सांगलीकडचं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, तीन नावं ठरलेली असतात : कोयना, नवजा, महाबळेश्वर. नावापुढं चोवीस तासांत पडलेल्या पावसाचे मिलिमीटर आणि खाली धरणात किती टीएमसी पाणी झालं तो आकडा. १०५.२५ झाला की धरण भरलं. आमच्या घरात हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारतात. मी पुण्यात नोकरी करतो, पण पावसाळ्यात जमेल तसं कोयनानगरला येऊन घरूनच काम करतो. लाइट जाते, नेट जातं, घाटात दरड आली की दोन्ही जातं. ज्या पाण्यावर महाराष्ट्रातले दिवे लागतात त्या पाण्याशेजारी बसून मी लॅपटॉपची बॅटरी मोजत असतो. यावरचे सगळे विनोद करून झालेत, आता घरात कुणी हसत नाही.

त्या शनिवारी, २० तारखेला, रात्री सव्वानऊला टीम लीडचा फोन आला.

"अरे, दूधवाल्यांचं स्टोरेज बघितलंस का? एक डिस्क गेलीय, दुसरी वॉर्निंग देतेय. नवीन डिस्क सोमवारशिवाय मिळत नाही. कालचा बॅकअप आहे ना?"

"आहे की," मी म्हणालो. न बघता.

फोन ठेवला आणि बघितलं. त्या मशीनचा शेवटचा यशस्वी बॅकअप १० तारखेच्या रात्रीचा होता. त्यानंतर नऊ रात्री, नऊ लाल फुल्या.

*

दूधवाले म्हणजे आमचा एक ग्राहक. गावोगावच्या दूध संस्थांना तो सॉफ्टवेअर पुरवतो. सकाळ-संध्याकाळ बायामाणसं किटल्या घेऊन संस्थेत येतात, दूध मोजलं जातं, फॅट लागते, एसएनएफ लागतं, मशीनमधून चिठ्ठी निघते. तीच नोंद इंटरनेटवरून आमच्या पुण्याच्या सर्व्हर रूममध्ये येऊन पडते. दर दहा दिवसांनी बिल निघतं. आमच्या भागात त्याला दुधाचा पगारच म्हणतात. किराण्याची उधारी, पोरांची फी, पेंडीचं पोतं हे सगळं त्या पगारावर ठरलेलं असतं.

११ ते २० जुलै या दहा दिवसांचं बिल दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. म्हणजे जे दहा दिवस बॅकअपमध्ये नव्हते, तेच दहा दिवस बिलाचे होते. आमच्या त्या स्टोरेजची रचना अशी आहे की एक डिस्क गेली तर चालतं, दुसरी गेली की सगळं जातं. दुसरी वॉर्निंग देत होती.

चिठ्ठ्या होत्या म्हणा. ज्यांनी जपल्या असतील त्यांच्याकडं. पण जुलैच्या पावसात कमरेला खोचलेल्या त्या पातळ कागदावरची शाई किती टिकते ते मी लहानपणापासून बघतोय.

*

इथं थोडं तांत्रिक सांगायला लागेल. फोन वापरणाऱ्या कुणालाही कळेल असंच आहे.

आमच्या सर्व्हर रूममध्ये तीन मोठी यंत्रं आहेत. त्यांना होस्ट म्हणतात. त्या तिघांच्या पोटात मिळून चाळीसेक व्हर्च्युअल मशीन चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच, पण स्वतःचा पत्रा-लोखंड नसलेला. होस्टच्या घरात तो भाडेकरू म्हणून राहतो, आणि एका होस्टवर ताण आला की सामानासकट दुसऱ्या होस्टवर हलवला जातो, चालू असतानाच. कुठला भाडेकरू सध्या कुणाच्या घरात आहे याची वही एका व्यवस्थापक सर्व्हरकडं असते.

रात्री बॅकअपचा सर्व्हर उठतो. व्यवस्थापकाला विचारतो, "दूधवाल्यांचं मशीन कुठं आहे?" व्यवस्थापक सांगतो, "होस्ट क्रमांक दोनकडं." तो नाव सांगतो, पत्ता सांगत नाही. नेटवर्कवर माल मात्र पत्त्यावर जातो. पत्ता म्हणजे १९२.१६८ वगैरेनं सुरू होणारा आकडा. तेव्हा त्या नावाचा आकडा शोधणं हे बॅकअप सर्व्हरचं स्वतःचं काम. नावावरून पत्ता काढायच्या या कामाला इंग्रजीत नेम रिझोल्यूशन म्हणतात, आणि ते करणाऱ्या जगभरच्या यंत्रणेला डीएनएस.

तुमच्या फोनमध्ये हे रोज घडतं. 'आई' या नावावर बोट ठेवता, नंबर फोन शोधतो. पण नंबर मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक, तुम्ही स्वतः सेव्ह करून ठेवलेला. दुसरा, कुणाला तरी विचारून घेतलेला. मित्रानं नंबर बदलला की विचारणाऱ्याला नवा मिळतो. सेव्ह करून ठेवलेला मात्र जुन्याच नंबरवर फोन लावत बसतो. त्यात तिकडून कुणी तरी उचललं, तर चूक कळायला आणखी वेळ लागतो.

*

खरं तर हा त्रास पहिल्यांदा जुलैच्या सुरुवातीलाच झाला होता, आणि मी तो 'सोडवला'सुद्धा होता.

जूनच्या शेवटी आमच्या ऑफिसनं नेटवर्कची फेरमांडणी केली. सर्व्हरना नवे पत्ते मिळाले आणि जुनी आळी ऑफिसातल्या किरकोळ उपकरणांना दिली. त्यानंतर रोज रात्री चाळीसपैकी आठ-दहा मशीनचे बॅकअप फसायला लागले. आज ही आठ, उद्या दुसरी सहा. परवा फसलेलं आज नीट झालेलं. मी तीन गोष्टी तपासल्या.

व्यवस्थापक सर्व्हर उघडतोय का? उघडतोय.

होस्टचं नाव घालून पिंग केलं. पिंग म्हणजे दाराबाहेरून "आहे का कुणी घरात?" अशी हाक मारणं. ओ आली.

एनएसलुकअप नावाची आज्ञा देऊन डीएनएसला विचारलं, या होस्टचा पत्ता काय? त्यानं नवा, बरोबर पत्ता सांगितला.

तिन्ही बरोबर. मी तिकिटात लिहिलं, 'नेटवर्क ठीक. डीएनएस ठीक. बॅकअप सेवा रीस्टार्ट केली.' त्या रात्री सगळे बॅकअप हिरवे झाले. ४ जुलैला मी तिकीट बंद केलं. पुढं कधीतरी पुन्हा लाल मेल आले, तेव्हा मनाशी म्हटलं, होतंय असं अधूनमधून. मेलना एक फोल्डर करून दिलं. नियम लावला की हे मेल थेट त्यात जावेत. इनबॉक्स स्वच्छ दिसायला लागला.

त्या रात्री हिरवं का झालं होतं ते आता सांगता येतं. त्या दिवशी भाडेकरू योगायोगानं दुसऱ्या घरांत होते. एवढंच. माझ्या रीस्टार्टचा काही संबंध नव्हता. पण रीस्टार्ट मी केलं होतं आणि नंतर हिरवं दिसलं होतं, तेव्हा श्रेय मी घेतलं. नवसाला पावणाऱ्या देवाचा हिशोब असाच चालत असणार.

दूधवाल्यांच्या मशीनचं वेगळं झालं. ते मोठं, म्हणून ११ तारखेला त्याला होस्ट दोनवर हलवून तिथंच राहायचा नियम आम्ही लावला. तेव्हापासून ते एकही रात्र हललं नाही, आणि एकही रात्र त्याचा बॅकअप झाला नाही.

*

शनिवारी रात्री पुन्हा तेच तीन तपास केले. पुन्हा तिन्ही बरोबर. हाताशी मोबाइलचा हॉटस्पॉट, दोन कांड्या रेंज. बॅकअप सुरू केला की दोन मिनिटांनी तोच निरोप : होस्टशी जोडता येत नाही. जिथून मशीनची डिस्क वाचायची ते ९०२ क्रमांकाचं पोर्ट उघडतच नव्हतं. घरातून ओ येते, पण दार कुणी उघडत नाही, असा प्रकार. मग फायरवॉलवर संशय घेतला. तासभर त्यात गेला.

आजी माजघरात जागी होती. तिची लोखंडी ट्रंक उघडी होती, कारण संध्याकाळीच सांगली जिल्ह्यातून बाबांच्या मामांच्या नातीचा फोन येऊन गेला होता. त्याबद्दल पुढं सांगतो.

"काय रं, अजून जागाच? काय हुडकतूयास?"

"एका मशीनचा पत्ता लागत नाही आज्जी."

"मग नीट वाच की, काय ल्हिवलंय ते. तुमी पोरं वाचत न्हाईसा, नुसतं बगता."

तिनं हे सहज म्हटलं. ती प्रत्येक गोष्टीला हेच म्हणते, औषधाच्या बाटलीपासून बसच्या पाटीपर्यंत. पण मी पडद्यावर परत पाहिलं आणि या वेळी अक्षरशः बोट ठेवून वाचलं. पिंगच्या उत्तरात आकडा होता १९२.१६८.१०.२१. एनएसलुकअपच्या उत्तरात होता १९२.१६८.४०.२१. पत्ते बदलताना शेवटचा आकडा लक्षात राहावा म्हणून आम्ही तोच ठेवला होता. माझी नजर दर वेळी शेवटच्या २१ वर जात होती आणि समाधान पावत होती.

एकाच नावाला, एकाच मशीनवर, दोन वेगळी उत्तरं मिळत होती.

हे कसं होतं? एनएसलुकअप थेट डीएनएसला जाऊन विचारतं. पिंग, बॅकअपचं सॉफ्टवेअर आणि बाकीचे सगळे मात्र आधी घरातली वही बघतात. ती वही म्हणजे होस्ट्स नावाची साधी मजकुराची फाइल, विंडोजच्या फोल्डरांत खोल पुरलेली. तिच्यात नाव सापडलं की डीएनएसला विचारायचं कारणच उरत नाही. मी बाहेरच्याला विचारून खात्री करून घेत होतो आणि मशीन मात्र घरातल्या वहीवर चालत होतं. काखेत कळसा म्हणतात तसं.

फाइल उघडली. तळाशी एक ओळ होती. होस्ट दोनचं नाव, त्याचा जुना पत्ता आणि पुढं टीप : 'तात्पुरतं. सोमवारी काढणे.' त्यापुढं तारीख, तीन वर्षांपूर्वीची. त्यापुढं दोन आद्याक्षरं. माझी.

जुन्या पत्त्यावर आता कोण राहतं तेही शोधलं. दुसऱ्या मजल्यावरचं बोटाचा ठसा घेऊन हजेरी लावणारं मशीन. ११ तारखेपासून रोज रात्री आमचा बॅकअप सर्व्हर त्याच्या दारात जाऊन दूधवाल्यांची डिस्क मागत होता, आणि ते बिचारं "आहे मी घरात" एवढंच सांगत होतं.

*

ती ओळ मी तीन वर्षांपूर्वी का लिहिली होती ते मग आठवलं.

तेव्हा सर्व्हर रूमची वीज गेली होती आणि सगळं बंद पडलं होतं. वीज आली तरी काही उठेना. कारण आमचा डीएनएस सर्व्हर हेही एक व्हर्च्युअल मशीनच होतं, आणि तेच बिघडलं होतं. त्याला बॅकअपमधून परत आणायचं तर बॅकअप सर्व्हरनं होस्ट शोधायला हवा. होस्टचा पत्ता सांगणार डीएनएस. आणि डीएनएस तर पडलेला. पेटीची किल्ली पेटीतच. रात्री दोन वाजता मी ती एक ओळ हातानं लिहिली, होस्ट सापडला, डीएनएस उठला, सकाळी नऊला लोक कामावर आले तेव्हा सगळं चालू होतं. शाबासकीही मिळाली होती. सोमवार आला आणि गेला.

ही अडचण फक्त आमच्यासारख्या छोट्या सर्व्हर रूमची नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र तुम्हाला आठवत असेल. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सहा तासांच्या आसपास बंद होतं आणि सगळे आपापला राउटर बंद-चालू करत बसले होते. देखभालीच्या एका आज्ञेनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्क तुटलं. त्यामुळे त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपल्याकडं येणाऱ्या वाटा जगाला सांगणं थांबवलं. नाव सगळ्यांना पाठ, पत्ता सांगणारं कुणी नाही. आणि दुरुस्तीसाठी त्यांचे लोक जी अंतर्गत साधनं वापरायचे, तीही त्याच नावांवर चालणारी.

या सगळ्याची सुरुवातही एका वहीपासूनच झाली. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर नाव-पत्त्यांची एकच फाइल होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, त्यांनी ओळ वाढवायची, मग जगानं ती फाइल उतरवून घ्यायची. मशीन वाढली तशी प्रत्येकाकडची प्रत शिळी व्हायला लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची मांडणी केली. एक वही बंद, त्याऐवजी वरून खाली विचारत जायचं. आणि प्रत्येक उत्तरासोबत एक मुदत द्यायची, की हे उत्तर इतके सेकंद धरून चाला, नंतर पुन्हा विचारा. मला त्या मांडणीतली ही मुदत सगळ्यात शहाणी वाटते. उत्तर देणाराच सांगतो की माझ्यावर किती वेळ विश्वास ठेवायचा. होस्ट्स फाइलला अशी मुदत नसते. मी 'सोमवारी' असं लिहिलं होतं, पण ते माणसासाठी. मशीन ती टीप वाचत नाही.

आपल्याकडं हेच काम त्याआधी टपाल खात्यात झालं होतं. एकाच नावाची ढीगभर गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले, टपाल भलतीकडं जायचं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृत कवी. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, आपल्याकडचा ४, आणि शेवटचे तीन आकडे थेट टपाल कचेरीपर्यंत नेतात. नाव माणसांसाठी, आकडा पोचवणाऱ्यासाठी.

*

आता ट्रंकेबद्दल.

आजीचं माहेर कोयना धरणाच्या पाण्यात गेलं. १९६० च्या आसपास, ती चौदा-पंधरा वर्षांची असताना. कोयनेची माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. तिच्या माहेरची काही घरं सांगली जिल्ह्यात वसवली. लोकांनी नव्या वस्तीला जुनंच नाव दिलं. दुसरं कुठलं देणार? म्हणजे नाव तेच राहिलं. तालुका बदलला, जिल्हा बदलला. आणि त्या नावाचं मूळ गाव शिवसागर जलाशयाच्या तळाशी.

बाबांच्या मामांची नात सरकारी नोकरीची परीक्षा देते. प्रकल्पग्रस्तांच्या समांतर आरक्षणासाठी तिनं दाखल्याचा अर्ज केला होता. अर्ज परत आला. शेरा असा की, सदर गाव बाधित गावांच्या यादीत आढळून येत नाही. तिनं अर्जात आजचा तालुका, आजचा जिल्हा लिहिला होता, आणि यादीत साहजिकच जुना होता. नाव जुळत होतं, पत्ता जुळत नव्हता. ही दोन गावं म्हणजे एकच, असं सांगणारा कागद आणा, असं तिला सांगितलं गेलं. मामांच्या घरी तो नव्हता.

तो आजीच्या ट्रंकेत होता. माझ्या पणजोबांनी, म्हणजे आजीच्या वडिलांनी, काही कागद लेकीच्या घरी ठेवले होते, कारण नव्या वस्तीतलं घर तेव्हा पत्र्याचं होतं आणि गळायचं. लेकीचं घर दगडी. तेही ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात पडलं. ट्रंक ढिगाऱ्याखालून निघाली, चेपलेली. तिचं झाकण अजून सरळ बसत नाही, म्हणून ती दोरीनं बांधतात. भूसंपादनाची नोटीस, त्यावर जुना तालुका. आणि दुसरा एक कागद, नव्या ठिकाणी जमीन दिल्याचा, त्यावर नवा. दोन्हीवर एकच नाव : तिच्या वडिलांचं.

आजी अजून 'गावाला' म्हणते तेव्हा हात जलाशयाकडं जातो, सांगलीकडं नाही. भावाकडं जाते तेव्हा 'भावाकडं जाऊन येते' म्हणते. लहानपणी मला हे चुकीचं वाटायचं. मी तिला सुधारायचोसुद्धा, की आज्जी, गाव आता तिकडं आहे. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी पुन्हा जलाशयाकडं हात करायची.

त्या रात्री लॅपटॉपवर होस्ट्स फाइल उघडी होती आणि समोर आजी चष्मा लावून दोन कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालत होती. तिच्या वहीतली ओळ साठ वर्षं जुनी. त्या पत्त्यावर आज कुणी राहत नाही. तरी आत्ता, जेव्हा बाहेर विचारून उत्तर मिळेना, तेव्हा तीच ओळ कामाला येणार होती.

*

मी ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली, म्हणजे मशीन ती वाचणार नाही. साठवलेली उत्तरं पुसली. पुन्हा पिंग केलं आणि या वेळी आकडा पूर्ण वाचला : १९२.१६८.४०.२१. बॅकअप सुरू केला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच मिनिटांनी इथली लाइट गेली, मागोमाग रेंजही गेली. बॅकअप पुण्यात चालू होता, त्याला माझी गरज नव्हती, पण मला दिसत नव्हता. अंधारात पावसाचा आवाज ऐकत बसलो. कुठल्या कुठल्या गावांतल्या, कधी न पाहिलेल्या बायकांच्या किटल्या डोळ्यांपुढं येत होत्या. पहाटे चारच्या पुढं रेंज आली. बॅकअप तीन वाजून चाळीस मिनिटांनी पूर्ण झाला होता.

तेवढ्यावर थांबलो नाही. त्या बॅकअपमधून एक फाइल परत काढून पाहिली. २० तारखेच्या संध्याकाळची नोंद होती. लिटर, फॅट, एसएनएफ. मग झोपलो.

दुसरी डिस्क गेली नाही. सोमवारी नवीन डिस्क बसली, बिलं वेळेवर निघाली. म्हणजे प्रत्यक्षात काहीच झालं नाही. दूध घालणाऱ्या कुणालाही कधी कळणार नाही की त्यांचे दहा दिवस एका रात्रीत एका वॉर्निंग दिव्यावर लटकत होते.

आणि ऑफिसातही कुणाला कळलं नसतं. ती ओळ मी काढून टाकली असती तर एवढंच दिसलं असतं की बॅकअप फसत होता, मी तो शनिवारी रात्री जागून दुरुस्त केला. पुन्हा एक शाबासकी. खरं सांगायचं तर रविवारी दुपारपर्यंत मी हाच विचार करत होतो. ओळ कोणाची हे सांगणारी दोन अक्षरं फक्त त्या फाइलमध्ये होती, आणि फाइल माझ्या हातात.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी तिचा फोटो पडद्यावर लावला, आद्याक्षरांसकट. मेल वेगळ्या फोल्डरात टाकायचा नियमही दाखवला. ते सांगताना जास्त जड गेलं. ओळ घाईत लिहिली होती, नियम मात्र निवांत बसून लावला होता. टीम लीड थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तारीख आणि नाव लिहिलं होतंस म्हणून निदान पत्ता तरी लागला. आता ही ओळ कायमची काढायची ना?"

मी म्हटलं, नाही.

कारण डीएनएस अजून व्हर्च्युअल मशीनच आहे. उद्या पुन्हा सगळं पडलं तर त्याच ओळीची गरज लागणार. आम्ही असं ठरवलं : तिन्ही होस्टची नावं आणि पत्ते एका कागदावर छापायचे. तो कागद सर्व्हर रूममध्ये पाकिटात. पाकिटावर तारीख, आणि दर तीन महिन्यांनी तो खरा आहे का ते बघणाऱ्याची सही. मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये मात्र काही नाही. रोजच्या दिवशी विचारायचं. विचारायला कुणीच उरलं नाही अशा रात्री पाकीट फोडायचं. शिवाय दुसरा एक डीएनएस सर्व्हर, या तीन होस्टच्या बाहेर, स्वतःच्या पत्र्या-लोखंडाचा.

पाकिटावर पहिली सही माझी आहे. ऑक्टोबरची तपासणी झाली, एक पत्ता बदललेला निघाला, कागद नवा छापला.

ते दोन कागद स्कॅन करून सांगलीला पाठवले. मूळ आजीनं दिले नाहीत. "फोटू न्हे म्हणावं, कागुद हितंच ऱ्हाऊदे," म्हणाली. अर्ज पुन्हा दाखल झालाय. दाखला अजून आलेला नाही. मध्ये एकदा त्या मुलीनं फोनवर विचारलं की जुन्या गावात आपलं घर नेमकं कुठं होतं, कुणीतरी विचारलं तर सांगता यावं म्हणून. आजीनं सांगितलं : नदीकडून वर येताना देवळाच्या आधी, डाव्या हाताला, दारात फणस. ती पलीकडून लिहून घेत होती. मीही लिहून घेतलं, आणि खाली तारीख टाकली.